केमो कोणाला देऊ नये, हे आधी सांगा

तोंडाच्या कॅन्सरची गाठ केमोथेरपीला दाद का देत नाही, याचं मूळ असलेलं एखादं प्रथिन सापडल्याची बातमी अधूनमधून येतच असते. २०२३मध्ये लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातून एनईके२ आणि आयएनएचबीए या दोन जनुकांची बातमी आली. त्याआधी भुवनेश्वरच्या इन्स्टिट्यूट ऑफ लाइफ सायन्सेसमधून डीडीएक्स३, सीएमटीएम६, आरआरबीपी१ अशी नावं पाठोपाठ आली. बातमी आली की वादही ठरलेलाच. एक बाजू म्हणते, या प्रथिनाला रोखणारं औषध आलं की केमो पुन्हा लागू पडेल, म्हणजे अर्धी लढाई जिंकलीच. दुसरी बाजू उसळून विचारते, जिथे कोपऱ्याकोपऱ्यावर गुटखा मिळतो तिथे प्रथिनं कसली शोधत बसलात? आधी तंबाखू बंद करा. दोन्ही बाजूंच्या तळमळीबद्दल मला शंका नाही. पण या संशोधनाचं फळ म्हणजे नवं औषध आणि फक्त नवं औषध, हे दोघांनीही गृहीत धरलंय, आणि तिथेच वाद भरकटतो. माझ्या मते या प्रथिनांचं पहिलं काम वेगळं आहे. कोणत्या रुग्णाला केमोचा उपयोग होणार नाही, हे पहिली सलाइन लावण्याआधी सांगणं, हे ते काम. ते आज जवळजवळ कोणीच करत नाही, आणि आपण भांडतोय मात्र दुसऱ्याच गोष्टीवर.

हे काम इतकं महत्त्वाचं का, ते आकड्यांवरून कळतं. जगभरातल्या कॅन्सरची आकडेवारी मांडणाऱ्या ग्लोबोकनच्या २०२२च्या अंदाजानुसार भारतात ओठ आणि तोंडाच्या कॅन्सरचे सुमारे १ लाख ४४ हजार नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ८० हजार जण त्या वर्षात गेले. यातले बहुतेक दवाखान्यात पोचतात तेव्हा गाठ गालातून हिरडीत, हिरडीतून जबड्याच्या हाडात गेलेली असते. काही जणांत ती इतकी पसरलेली असते की सर्जन म्हणतो, आत्ता कापता येणार नाही, आधी केमो देऊ, गाठ आक्रसली तर ऑपरेशन करू. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने अशा ७२१ रुग्णांचा अभ्यास २०१४मध्ये प्रसिद्ध केला. त्यातल्या ३१० जणांची, म्हणजे ४३ टक्क्यांची, गाठ पुरेशी कमी झाली आणि त्यांचं ऑपरेशन झालं. त्यांचं मध्यम आयुर्मान (निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो काळ) साधारण साडेएकोणीस महिने निघालं, उरलेल्यांचं आठ महिन्यांच्या आसपास. हा ४३ टक्क्यांचा आकडा आशादायक आहेच, कारण हे सगळे एरवी शस्त्रक्रियेच्या बाहेरच गेले असते. पण उरलेल्या ५७ टक्क्यांचं काय? त्यांच्या उलट्या, तोंड सोलवटणं, घसरलेलं वजन, गावाहून मुंबईच्या फेऱ्या आणि हातातले मोजके महिने कशासाठी खर्ची पडले? त्यातल्या निम्म्यांना जरी आधी कळलं असतं, तर?

रेडिएशनबरोबर दिल्या जाणाऱ्या केमोचं गणितही असंच आहे. जगभरातल्या चाचण्या एकत्र करून डोकं-मानेच्या कॅन्सरचं (तोंडाचा कॅन्सर यातच येतो) जे मोठं विश्लेषण झालं, त्यात रेडिएशनला केमोची जोड दिल्याने पाच वर्षांनंतर जिवंत असणाऱ्यांचं प्रमाण साडेसहा टक्क्यांनी वाढलेलं दिसलं. शंभरांतले सहा-सात जास्तीचे जीव ही लहान गोष्ट नाही, म्हणून तर तो प्रमाण उपचार झाला. पण सिस्प्लॅटिन, म्हणजे या केमोतलं मुख्य औषध, शंभरही जण घेतात. मूत्रपिंडावरचा ताण, कानांतला आवाज आणि हळूहळू कमी होणारं ऐकू येणं, बोटांतल्या मुंग्या हे त्या सहा-सात जणांपुरतं राहत नाही. काही जण रेडिएशननेच बरे झाले असते, काही कशानेच होणार नव्हते. कोण कोणत्या गटातला, हे आज आपण उपचार देऊन पाहतो आणि मगच समजतं.

सिस्प्लॅटिनचा शोध अपघाताने लागला. १९६५मध्ये अमेरिकेत मिशिगन स्टेट विद्यापीठात बार्नेट रोझेनबर्ग जिवाणूंवर विजेच्या क्षेत्राचा परिणाम बघत होते. जिवाणू विभागायचे थांबले, आणि कारण वीज नव्हतीच, तारांमधल्या प्लॅटिनमपासून तयार झालेलं संयुग होतं. १९७८मध्ये ते औषध म्हणून मंजूर झालं. पेशीत शिरून ते डीएनएला चिकटतं, त्याच्या धाग्यात नको ते सांधे पाडतं, आणि नुकसान दुरुस्त न झालेली पेशी स्वतःला संपवते. एवढ्या छोट्या प्रवासात पेशीला सुटकेच्या किती जागा आहेत पाहा. औषध आत यायला ज्यांचा काही अंशी उपयोग होतो ती सीटीआर१ ही तांब्याची वाहक प्रथिनं पेशी कमी करू शकते. आत आलेलं औषध एटीपी७बीसारख्या प्रथिनांकरवी बाहेर फेकू शकते. एनआरएफ२ हे नियंत्रक प्रथिन वाढलं की विषारी पदार्थांना बांधून ठेवणारं ग्लुटाथायोन वाढतं आणि प्लॅटिनम डीएनएपर्यंत पोचण्याआधीच निष्प्रभ होतं. पोचलंच तर ईआरसीसी१ आणि त्याचं जोडीदार प्रथिन बिघडलेला तुकडा कापून काढतात. कापता आला नाही तरी पेशीला मरायचा हुकूम देणारं पी५३ आधीच मोडलेलं असतं. अमेरिकेच्या कॅन्सर जीनोम अ‍ॅटलासने २०१५मध्ये तपासलेल्या डोकं-मानेच्या गाठींपैकी एचपीव्ही विषाणूशी संबंध नसलेल्या बहुसंख्य गाठींत टीपी५३, म्हणजे पी५३ बनवणारं जनुक, बिघडलेलं होतं, आणि आपल्याकडचे तंबाखूजन्य कॅन्सर प्रामुख्याने याच जातकुळीतले. हुकूम निघालाच तर एमसीएल-१, बीसीएल-एक्सएल यांसारखी मरण अडवणारी प्रथिनं आडवी येतात. तोंडाच्या कॅन्सरमधल्या एमसीएल-१वर आपल्या खारघरच्या अ‍ॅक्ट्रेकमध्ये, म्हणजे टाटा मेमोरियलच्या संशोधन केंद्रात, अनेक वर्षं काम झालेलं आहे. ज्या घराला इतके दरवाजे आहेत, त्याचा एक दरवाजा बंद करून चोर सापडेल असं मानायचं कशाच्या आधारावर?

म्हणूनच निराशावाद्यांचा सगळ्यात बळकट मुद्दा मला मान्य आहे. प्रथिन शोधायचं, त्याला रोखायचं, प्रतिकार मोडायचा, ही वाट गेल्या पन्नास वर्षांत वारंवार फसलेली आहे. १९७६मध्ये टोरांटोत जुलियानो आणि लिंग यांनी पी-ग्लायकोप्रोटीन शोधलं, औषधं पेशीबाहेर उपसणारा पंप. पाच वर्षांतच हृदयविकाराचं व्हेरापामिल त्या पंपाला अडवतं असं प्रयोगशाळेत दिसलं आणि मोठी आशा निर्माण झाली. त्यानंतर अशा औषधांच्या दोन-तीन पिढ्या आल्या नि गेल्या. हाच पंप निरोगी पेशींनाही विषापासून वाचवत होता. त्याला अडवलं की केमोचा मारा रुग्णावरच वाढायचा. डोकं-मानेच्या कॅन्सरचं उदाहरण याहून बोलकं आहे. ईजीएफआर हे प्रथिन या कॅन्सरच्या नव्वद टक्क्यांहून अधिक गाठींत जास्त प्रमाणात असतं. मग त्याला रोखणारं सेटक्सिमॅब रामबाण ठरायला हवं होतं. सिस्प्लॅटिन निकामी झालेल्या रुग्णांना ते एकटं देऊन पाहिलं, तेव्हा साधारण १३ टक्क्यांच्याच गाठी आटल्या. प्रथिन भरपूर असणं आणि पेशीचा जीव त्याच्यावर अवलंबून असणं, या दोन वेगळ्या गोष्टी निघाल्या.

सगळ्यात ताजं आणि सगळ्यात दुखरं उदाहरण झेव्हिनापँटचं. पेशीचं मरण रोखणाऱ्या आयएपी प्रथिनांना हे औषध निष्प्रभ करतं. ९६ रुग्णांच्या युरोपातल्या दुसऱ्या टप्प्याच्या चाचणीत सिस्प्लॅटिन-रेडिएशनला याची जोड दिली, तेव्हा पाच वर्षांनी ५३ टक्के रुग्ण हयात होते, नुसत्या सिस्प्लॅटिन-रेडिएशनच्या गटात २८ टक्के. इतकी मोठी तफावत या आजारात फार क्वचित दिसते. मग सातशेहून अधिक रुग्णांची तिसऱ्या टप्प्याची चाचणी झाली, आणि २०२४मध्ये ती थांबवावी लागली, कारण फायदा दिसण्याची शक्यताच उरली नव्हती. यावरून काय शिकायचं? विज्ञान थोतांड आहे, असं काही जण शिकतात. मला यात दुसरंच दिसतं. या औषधाची चाचणी आयएपी प्रथिनं ज्यांच्या गाठीत खरोखर प्रतिकाराच्या मुळाशी आहेत अशा रुग्णांना निवडून झाली नव्हती. सरसकट सगळ्यांना औषध दिलं, आणि काहींचा संभाव्य फायदा उरलेल्यांच्या अपायात बुडाला की मुळात फायदाच नव्हता, हे आता कळायला मार्ग नाही. म्हणजे औषधाची वाट फसली तीसुद्धा मी म्हणतो तो प्रश्न आधी न विचारल्यामुळे: कोणाला?

आता तंबाखूच्या मुद्द्याकडे वळू, कारण त्याचं नैतिक वजन मोठं आहे. महाराष्ट्राने जुलै २०१२मध्ये गुटख्यावर बंदी घातली. तरी गुटखा मिळतो, आणि विदर्भात खर्रा, इतरत्र मावा नि मिश्री आहेतच. तिरुअनंतपुरम जिल्ह्यात १९९६पासून चाललेल्या मोठ्या चाचणीने दाखवलं की प्रशिक्षित कार्यकर्त्याने नुसतं तोंड उघडून नीट पाहिलं, तरी तंबाखू-दारूचं व्यसन असलेल्यांमधले तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू घटतात. यासाठी ना प्रयोगशाळा लागते ना प्रथिन. हे सगळं खरं आहे, आणि एखाद्या सरकारला एकच रुपया खर्च करायचा असेल तर तो तपासणी आणि व्यसनमुक्तीवर करावा, असंच मीही सांगेन. पण सरकारकडे एकच रुपया नसतो, आणि ज्याच्या गालात आज भोक पडलंय त्याला 'तू वीस वर्षांपूर्वी तंबाखू सोडायला हवी होतीस' हे उत्तर देता येत नाही. शिवाय प्रतिबंध आणि प्रयोगशाळा यांना एकमेकांविरुद्ध उभं करणं आपल्याच इतिहासाला धरून नाही. मुंबईत वसंत खानोलकर सूक्ष्मदर्शकाखाली गाठींचे काप पाहणारे विकृतीशास्त्रज्ञ होते. १९४४मध्ये त्यांनी मुंबईतल्या तोंडाच्या कॅन्सरच्या सलग हजार रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला, आणि इथे हा आजार इतका का होतो या प्रश्नाला भक्कम पाया मिळाला. तंबाखूविरुद्धचं ज्ञान प्रयोगशाळेच्या टेबलावरूनही आलंय.

क्षयरोगाचा इतिहास इथे अधिक उपयोगी आहे. १९४८मध्ये ब्रिटनमधल्या स्ट्रेप्टोमायसिनच्या चाचणीत पहिल्या सहा महिन्यांत औषध घेतलेल्या ५५पैकी ४ जण दगावले, न घेतलेल्या ५२पैकी १४. पाच वर्षांनी हेच आकडे ३२ आणि ३५ झाले. औषधाला न जुमानणारे जंतू माजले होते. कोंदट चाळींतली गर्दी आणि उपासमार ही क्षयाची मुळं आहेत, तर औषधाचा प्रतिकार कशाला अभ्यासायचा, असं तेव्हा म्हणून चाललं असतं का? प्रतिकार समजून घेतला म्हणून औषधं जोडून द्यायची पद्धत आली. आणि आज आपल्या जिल्हा रुग्णालयात थुंकी यंत्रात घातली की रिफाम्पिसिन हे क्षयाचं मुख्य औषध चालेल की नाही हे दोनेक तासांत कळतं. चालणार नसेल तर डॉक्टर दुसरी औषधं देतात. तिथे या चाचणीला कोणी चैन म्हणत नाही. कॅन्सरमध्ये मात्र तोच प्रश्न विचारला की ती बड्या देशांची हौस ठरते.

अर्थात दोन्हींत मोठा फरक आहे, आणि तो झाकून पुढे जाता येणार नाही. रिफाम्पिसिनचा बहुतेक सगळा प्रतिकार जंतूच्या एका जनुकाच्या छोट्या तुकड्यात सापडतो. सिस्प्लॅटिनचं तसं नाही, हे वर आलंच. म्हणून कॅन्सरमध्ये एका प्रथिनावरून 'हो' किंवा 'नाही' सांगणारी चाचणी निघेल असं मला वाटत नाही. चार-सहा प्रथिनांचा मिळून नमुना लागेल, आणि तोही गाठीच्या जागेनुसार बदलेल. ईआरसीसी१ची कहाणी या बाबतीत सगळ्यांनी लक्षात ठेवावी अशी आहे. २००६मध्ये फुप्फुसाच्या कॅन्सरवरच्या एका गाजलेल्या अभ्यासाने दाखवलं की ज्यांच्या गाठीत ईआरसीसी१ नाही, त्यांना सिस्प्लॅटिनचा फायदा होतो. अगदी हवी होती तशी चाचणी हाती आली असं वाटलं. सात वर्षांनी त्याच क्षेत्रातल्या संशोधकांनी पुन्हा तपासलं, तेव्हा तो निष्कर्ष उभा राहिला नाही. गाठीच्या कापातलं ईआरसीसी१ ओळखून रंगवायला वापरलेली अँटिबॉडी ईआरसीसी१च्या चार रूपांत फरकच करू शकत नव्हती, आणि दुरुस्तीचं काम त्यातलं एकच रूप करतं. मला या घटनेत विज्ञानाचा पराभव दिसत नाही. चाचणी पेशंटवर वापरण्याआधी ती कशी पडताळायची, याचा तो धडा आहे. प्रथिनाचं नाव कळणं ही सुरुवात असते. ते मोजायचं कसं, कोणत्या पातळीला 'जास्त' म्हणायचं, पुण्याच्या प्रयोगशाळेत आणि नागपूरच्या प्रयोगशाळेत एकच उत्तर येतं का, या कंटाळवाण्या वाटणाऱ्या कामांना वर्षं लागतात. त्यावर मथळे होत नाहीत, आणि म्हणून कोणाचं त्याकडे लक्षही नाही.

तिसरा आक्षेप डॉक्टरांकडून येतो आणि तो मला सर्वांत विचार करायला लावतो. ते म्हणतात, गेल्या दशकात आपल्या रुग्णांचं भलं साध्या प्रश्नांनी केलं, रेणूंनी नाही. मानेतल्या लसिका ग्रंथी आधीच काढायच्या की त्यांत कॅन्सर दिसल्यावर, या प्रश्नावर टाटा मेमोरियलच्या २०१५च्या चाचणीने उत्तर दिलं. आधीच काढलेल्यांत तीन वर्षांनी ८० टक्के हयात होते, वाट पाहिलेल्यांत ६७.५ टक्के. सिस्प्लॅटिन दर आठवड्याला थोडं द्यायचं की तीन आठवड्यांनी भरपूर, यावर २०१८मध्ये ३०० रुग्णांची चाचणी झाली. तीन आठवड्यांनी मोठा डोस घेतलेल्यांपैकी ७३.१ टक्क्यांत दोन वर्षांनंतर आजार जागच्या जागी आटोक्यात होता, दर आठवड्याला छोटा डोस घेतलेल्यांत ५८.५ टक्क्यांत. म्हणजे ज्याला आपण गाठीचा प्रतिकार म्हणत होतो, त्यातला काही भाग निव्वळ अपुऱ्या डोसचा होता! याखेरीज पैसे संपले म्हणून मधेच केमो सोडणारे, तोंडाने गिळता न आल्याने अशक्त झालेले, गाडीभाड्याअभावी चुकलेल्या तारखा. हे सगळं 'केमो लागू पडली नाही' या एका शेऱ्याखाली जमा होतं. हा आक्षेप मी पूर्णपणे स्वीकारतो. आणि त्यातूनच माझा मुद्दा आणखी घट्ट होतो. गाठ खरोखर हटवादी आहे की औषध पुरेसं पोचलंच नाही, हे सांगणारं मोजमाप नसेल तर दोघांवर एकच शिक्का बसतो, आणि ज्याला फक्त नीट डोस हवा होता त्याची केमो आपण उगाच बंद करतो. साध्या प्रश्नांच्या या चाचण्या आपल्याकडे इतक्या उत्तम होतात, तर त्याच रुग्णांच्या बायोप्सीचे तुकडे जपून का ठेवू नयेत?

याच ठिकाणी आपल्याकडे जगात इतरांकडे सहज नसलेली संधी आहे. प्रयोगशाळेतल्या काचेच्या थाळीत वाढवलेल्या पेशींवर प्रतिकार दाखवणं सोपं असतं. महिनोन् महिने औषधाचे वाढते डोस देऊन त्या पेशी मुद्दाम हट्टी बनवलेल्या असतात, आणि रुग्णाच्या गालातली गाठ तशी वागेलच असं नाही. पण ज्यांना ऑपरेशनआधी केमो दिली जाते, त्यांची केमोआधीची बायोप्सी असते. पुढे ज्यांचं ऑपरेशन होतं, त्यांची केमो सोसून उरलेली गाठही सर्जनच्या हातात येते. एकाच माणसाची, एकाच गाठीची आधीची आणि नंतरची प्रत. कोणती प्रथिनं आधीपासूनच होती आणि कोणती औषधाच्या माऱ्याने वर आली, हे याहून चांगलं कुठे कळणार? गाल आणि हिरडीचा कॅन्सर हा आपला कॅन्सर आहे, पाश्चात्त्य देशांत तो इतका नाही. २०१३मध्ये कल्याणीची राष्ट्रीय जैववैद्यकीय जीनोमिक्स संस्था आणि अ‍ॅक्ट्रेक यांच्या पुढाकाराने या कॅन्सरच्या जनुकांचा अभ्यास झाला, तेव्हा नेहमीच्या जनुकांबरोबर यूएसपी९एक्स, एआरआयडी२ यांसारखी, तोवर या कॅन्सरशी कोणी न जोडलेली जनुकंही सापडली. ही माहिती लंडनकडून येण्याची वाट पाहून मिळाली नसती.

उरतो तो सर्वांत कठीण आक्षेप. चाचणीने 'केमो उपयोगी नाही' असं सांगितलं, तर रुग्णाच्या हातातून शेवटची आशा काढून घ्यायची? आणि चाचणी चुकीची निघाली तर? एका जरी माणसाची उपयोगी पडू शकणारी केमो अशी नाकारली गेली, तर ती भरून न येणारी हानी आहे. म्हणूनच असा निर्णय प्रयोगशाळेच्या अहवालावरून नाही, रुग्णांची चिठ्ठ्या टाकून गटवारी केलेल्या चाचणीतच घ्यायला हवा. पण 'केमो नाही' म्हणजे 'काहीच नाही' हे समीकरण आता जुनं झालंय. बरा न होणाऱ्या टप्प्यातल्या ४२२ रुग्णांवर टाटा मेमोरियलने २०२०मध्ये दाखवलं की मेथोट्रेक्सेट आणि सेलेकॉक्सिब या स्वस्त गोळ्या घेणाऱ्यांचं मध्यम आयुर्मान ७.५ महिने होतं, शिरेतून सिस्प्लॅटिन घेणाऱ्यांचं ६.१ महिने, आणि गोळ्यांचा त्रासही कमी. दोन वर्षांनी अशाच गोळ्यांना निव्होलुमॅब या प्रतिकारशक्तीला चालना देणाऱ्या महागड्या औषधाच्या अवघ्या २० मिलिग्रॅमची, म्हणजे नेहमीच्या डोसच्या दहाव्या हिश्श्याहून कमी मात्रेची, जोड दिली, तेव्हा वर्षभरानंतर हयात असलेल्यांचं प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेलं. पर्याय आहेत. कोणाला कोणता, एवढंच माहीत नाही, आणि ते माहीत नसताना सगळ्यांना आधी सिस्प्लॅटिन देऊन बघणं ही सावधगिरी आहे असं मला म्हणवत नाही.

राष्ट्रीय कॅन्सर ग्रिडमध्ये आज देशभरातली तीनशेहून अधिक केंद्रं आहेत. तोंडाच्या कॅन्सरवर केमोची जी चाचणी यापुढे या जाळ्यात सुरू होईल, तिच्या मंजुरीसाठी एक अट घालता येईल: प्रत्येक रुग्णाच्या संमतीने केमोआधीची बायोप्सी जपायची, ऑपरेशन झालं तर उरलेल्या गाठीचा नमुनाही, आणि घेतलेल्या प्रत्येक डोसची नोंद त्याच फाइलला जोडायची. नमुना ज्यात जपतात तो पॅराफिनचा (मेणाचा) ठोकळा वर्षानुवर्षं टिकतो आणि त्याचा खर्च केमोच्या एका फेरीच्या तुलनेत किरकोळ आहे. एनईके२ असो, डीडीएक्स३ असो की पुढच्या वर्षी सापडणारं आणखी एखादं प्रथिन, ते आपल्या रुग्णांत खरं ठरतं का, हे मग नवी चाचणी उभारून पाच वर्षं थांबण्याऐवजी त्या ठोकळ्यांवर काही महिन्यांत तपासता येईल.